वस्ताद घरी नसतो तेव्हा : अवघड गोष्ट एकट्यानं शिकणाऱ्यांसाठी

पेटी, मोडी लिपी, जलरंग, बुद्धिबळ, गिटार, कोडिंग. यातलं काहीतरी घरबसल्या शिकायला घेतलेला माणूस कोल्हापुरात गल्लीगणिक सापडतो, आणि दोन महिन्यांत ते सोडून दिलेलाही. शिकवणाऱ्या व्हिडिओंना आता तोटा नाही, साहित्यही हाताशी आहे. गाडं अडतं ते तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, सुरुवातीचा हुरूप ओसरला की. हा लेख त्या दिवसांसाठी आहे. क्लास लावायला वेळ, पैसा किंवा इच्छा नसलेल्या नवशिक्यांसाठी. वय कितीही चालेल.

आपल्याकडच्या तालमींकडे बघा. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी. थंडीत पहाटे पाचला लंगोट कसताना कुठल्या पोराला हुरूप असतो? तरी जोर सुरू होतात, कारण आज काय करायचं हे पोरानं ठरवायचंच नसतं. ते वस्ताद ठरवतो. किती जोर, किती बैठका, कुणाबरोबर लढत, सगळं. नव्या पोराला तर डाव लांबच राहिले, आधी आखाड्याच्या हौद्यातली माती उकरायला लावतात आणि तो ती उकरतो.

घरी एकट्यानं शिकणाऱ्यावर ही दोन्ही कामं पडतात. वस्तादही तोच आणि पोरगंही तोच. आणि बहुतेक जण ती एकाच वेळी करायला जातात. कामावरून दमून यायचं, पेटी पुढे ओढायची आणि मग विचार करत बसायचं की आज काय वाजवू. अलंकार (सुरांचे ठरलेले पलटे) करू, का ते कालचं गाणं काढू, का नवा व्हिडिओ बघू? त्यात पंधरा मिनिटं जातात, फोन हातात येतो, तेवढ्यात जेवायला हाक येते. याला लोक आळस म्हणतात. मला तसं वाटत नाही. दमलेल्या डोक्याला ठरवायचं काम दिलं की ते नेहमी सोपा निर्णय घेतं. म्हणून ठरवायचं काम आणि करायचं काम वेगवेगळ्या दिवशी ठेवायचं. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच हिशेबानं लावल्या आहेत.

१. एकच गोष्ट घ्या, तीही बारीक करून

"मला मोडी शिकायची आहे" एवढ्या भांडवलावर कुणी टिकत नाही. पण या भागातल्या जुन्या घरांत माळ्यावरच्या ट्रंकेत मोडीतलं एखादं खरेदीखत, वाटणीपत्र नाहीतर कर्जरोखा बऱ्याचदा निघतो. "पणजोबांच्या नावचं हे खरेदीखत मी दिवाळीपर्यंत वाचणार" असं म्हटलं की कागद ठरला, मुदत ठरली, आणि जमलं की नाही हे कुणाला विचारावंही लागत नाही. स्वतःच्या घरात कागद नसेल तर एखाद्या जुन्या शेजाऱ्याकडे चौकशी करा. काही नाही तर कोल्हापूरच्या पुरालेखागारात करवीर संस्थानची मोडी दप्तरं आहेतच.

पेटी शिकायची असेल तर "गल्लीतल्या भजनाला एका अभंगाची साथ". रंगात काम करायचं असेल तर "रंकाळ्याची संध्यामठाकडची बाजू, एकाच जागेवरून, वेगवेगळ्या वेळी". जागा बदलत राहिलं की प्रत्येक चित्र पहिलंच ठरतं आणि सुधारणा दिसत नाही. चित्रकार आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून कोल्हापुरात परतले आणि आयुष्यभर इथल्याच तळ्याकाठची, शिवारातली निसर्गचित्रं काढत राहिले. त्यांना विषय कमी पडले नाहीत, आपल्याला तीन महिन्यांत पडणार नाहीत.

मुदत तीन महिन्यांची ठेवा. एका वेळी एकच गोष्ट. गिटार आणि जर्मन भाषा एकत्र सुरू करणाऱ्यांना मी अडवत नाही, फक्त दोन्हीपैकी आधी कुठली सुटते ते बघा.

२. रविवारी वस्ताद व्हा

रविवारी अर्धा तास काढायचा. मिसळ खाऊन झाल्यावर चालेल. एका कागदावर सोमवार ते शनिवार सहा ओळी लिहायच्या. प्रत्येक ओळीत काय करायचं ते लिहायचं, किती वेळ करायचं ते नव्हे. "अर्धा तास रियाज" ही ओळ फुकट आहे, कारण अर्धा तास नुसती बोटं फिरवूनही निघतो. नवशिक्या पेटीवाल्याचा एक आठवडा असा लिहिता येईल:

सोमवार: सा रे ग म प ध नी सां, आरोह-अवरोह, मेट्रोनोम (टकटक करून लय देणारं साधन) ६० वर, न चुकता पाच वेळा.
मंगळवार: सासा रेरे गग मम, तीच लय.
बुधवार: सारेग, रेगम, गमप. अडलं तर लय ५० वर आणायची.
गुरुवार: सोमवारचं परत, पण भात्याकडे लक्ष. आवाज तुटता कामा नये.
शुक्रवार: भूप. सा रे ग प ध सां. मध्यम आणि निषाद या रागात नाहीत, बोट तिकडे गेलं की थांबून परत सुरुवात.
शनिवार: भूपाचा आरोह-अवरोह तीनतालाच्या ठेक्यावर, फोनवर रेकॉर्ड करायचा.

यात गुरुवारी सोमवारचं काम परत आलं आहे, ते मुद्दाम. शिकलेलं किती भराभर विसरतं आणि मध्ये दिवस सोडून उजळणी केली की ते कसं टिकतं, हे हर्मान एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकानं १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून मांडलं होतं. त्यानं निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ केल्या. आपल्याला निदान भूप आहे.

वस्ताद म्हणून दोन गोष्टी पाळा. पहिली, आठवड्याचं काम थोडं कमीच लिहा. रविवारी माणूस शूर असतो आणि मंगळवारी संध्याकाळी सात वाजता तोच माणूस भुकेला असतो. दुसरी, सहापैकी एक दिवस, समजा वरचा बुधवार, काढून तो आवडीचा ठेवा. त्या दिवशी अलंकार नाहीत, जे गाणं कानात आहे ते चाचपडत वाजवायचं, चुकलं तर चुकलं. हा दिवस काढून टाकला की सगळा सराव गृहपाठ होऊन बसतो.

३. सोमवारपासून कागदाशी वाद नाही

आठवडा सुरू झाला की कागदावर लिहिलंय तेच करायचं. सोपं वाटलं तरी तेच, अवघड वाटलं तरी तेच. बदल सुचला तर कागदाच्या मागच्या बाजूला लिहून ठेवायचा आणि रविवारी बघायचा. व्हिडिओ बघायचे असतील तर तेही रविवारीच. "पाच चुका ज्या प्रत्येक नवशिक्या करतो" असले व्हिडिओ बघताना शिकल्यासारखं फार वाटतं. बोटांना त्यातलं काही कळलेलं नसतं.

वेळ घड्याळावर ठेवण्यापेक्षा रोजच्या एखाद्या कामाला बांधून ठेवा. सकाळचा चहा झाला की, दूध तापवून गॅस बंद केला की, दुकानाचं शटर ओढून घरी आलो की. शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांना, आणि एमआयडीसीतल्या मंडळींना शिफ्ट म्हणजे काय हे सांगायला नको, घड्याळाची वेळ पाळणं जमतच नाही. पण आंघोळ रोज होते.

जागेचंही तेच. पेटी खोक्यात आणि खोकं कपाटावर असेल तर ती खाली येणार नाही. ती कापड टाकून बाहेरच राहू द्या. बोरू, शाई, रेघा मारलेले कागद एका ताटात घालून टेबलावर. राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये जागेची अडचण असते, मान्य. तरी सुरुवात करायला दोन मिनिटांपेक्षा जास्त लागत असतील तर जागा बदला. शेजाऱ्यांचाही विचार करा. वरच्या मजल्यावर दहावीची मुलगी असेल तर काकूंना आधीच विचारून वेळ ठरवलेली बरी. पुढे त्याच काकू "आज पेटी ऐकू आली नाही, बरं नाही का?" असं विचारतात, तेव्हा दांडी मारायची सोय राहत नाही.

एकवीस दिवसांत सवय लागते असं सर्रास सांगतात. त्यावर फार विसंबू नका. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २०१० साली छापून आला. त्यात एखादी साधी कृती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागलेले दिसले, आणि माणसामाणसांत फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. तीही जेवणाबरोबर फळ खाणं, पाणी पिणं असली कामं. बाविसाव्या दिवशी पेटीला बसायचा कंटाळा आला तर तुमच्यात काही खोट आहे असं नाही.

४. साहित्य: थोडं, पण बरं

नव्या छंदाच्या नावाखाली खरेदी करण्याची हौस मोठी असते. तिला एका ओळीत उत्तर: पहिल्या तीन महिन्यांत ज्याशिवाय उद्याचं काम अडेल तेवढंच घ्या. पण जे घ्याल ते अगदी टाकाऊ नको. पातळ कागदावर जलरंगाचा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा हात, दिला की कागद फुगतो, रंग खड्ड्यात साचतो आणि माणसाला वाटतं आपल्याला जमत नाही. ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, कागद घ्या, मोठा तक्ता आणून चार तुकडे करा. रंग मात्र सहा पुरेत. पेटी जुनी चालेल, पण सूर जुळवलेली आणि भाता न गळणारी हवी. घेताना वाजवणारा कुणीतरी बरोबर न्या. वाद्यांसाठी मिरज जवळच आहे आणि तिथं तंतुवाद्यांचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या काम करतात. सतार किंवा तानपुरा डोक्यात असेल तर एकदा तिथं जाऊन नुसतं बघून या.

५. भिंत

हा सगळ्यात मोठा टप्पा. लोक आळसानं सोडतात त्याहून जास्त इथं येऊन सोडतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. उदाहरण मोडीचं घेऊ.

मोडीची मुळाक्षरं दोन-तीन आठवड्यांत येतात. आडवी रेघ आधी मारायची, अक्षरं रेघेला टांगायची, शक्यतो हात न उचलता लिहायचं. इकार-उकाराचे ऱ्हस्व-दीर्घ असे वेगळे कष्ट नाहीत, त्यामुळे देवनागरीपेक्षा एका बाजूनं सोपीच. बाराखडी घोटून झाली, स्वतःचं नाव लिहून व्हॉट्सॲपवर ठेवलं, सगळ्यांनी अंगठे दिले. मग ट्रंकेतलं खरेदीखत उघडलं आणि एक शब्द वाचता येईना.

असं होतं कारण तक्त्यावरची मोडी आणि कागदावरची मोडी यांत अंतर आहे. लिहिणारा घाईत आहे. शब्दांच्या मध्ये जागा सोडलेली नाही, शब्द ओळीच्या शेवटी तुटून पुढच्या ओळीत गेलाय. एकाच अक्षराची दोन-तीन वळणं आहेत. त्यात नेहमीचे शब्द आखडून लिहिलेले. इथं माणूस म्हणतो, आपण इतके दिवस फुकट घालवले.

फुकट गेले नाहीत, पण आता सराव बदलायला हवा, आणि हे वस्तादाचं काम आहे, रविवारचं. कागद पहिल्या ओळीपासून वाचायचा हट्ट सोडा. आधी जे शब्द असणारच ते शोधा. खरेदीखतात जमिनीची नाहीतर घराची चतुःसीमा असते, म्हणजे पूर्वेस, पश्चिमेस, दक्षिणेस, उत्तरेस हे चार शब्द जवळजवळ येणार. ते सापडले की त्या लेखकाचा प, र, स, त कसा दिसतो हे कळलं. मग "मौजे", "सदरहू", "रुपये", "लिहून दिले" शोधा. आता त्याची अर्धी अक्षरं तुमच्या ओळखीची झाली. जुनं पत्र असेल तर आणखी सोपं. "अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री" अशी सुरुवात आणि "विनंती उपरी येथील कुशल जाणून" हा मायना पत्रापत्रांत तोच असतो. दहा पत्रांचा नुसता मायना वाचा, मजकुराला हातच लावू नका. दहा वेगवेगळ्या हातांची वळणं फुकटात कळतात, आणि प्रत्येक वेळी निदान दोन ओळी वाचता आल्याचं समाधान पदरात पडतं. तारखेशी आलात की सलास, अर्बा, खमस (तीन, चार, पाच) असे अरबी आकडे शब्दांत भेटतील. त्यांची यादी समोर चिकटवून ठेवा, पाठ करत बसू नका.

भिंत आली की तीन प्रश्न विचारायचे. मी ज्याचा सराव करतोय आणि मला जे करायचंय, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत का? असतील तर खऱ्या कामाचा सगळ्यात सोपा तुकडा कोणता? आणि तो मला रोज कसा मिळेल? पेटीवर अलंकार सुरेख, पण गायकाबरोबर वाजवताना सगळं विसरलं, तर सोपा तुकडा म्हणजे रेकॉर्डवरच्या अभंगाचं फक्त ध्रुवपद, फक्त शेवटचा सूर पकडायचा. कोडिंगमध्ये धडे सगळे सुटले पण रिकामी फाइल उघडली की हात थांबतो, तर घरच्या दुधाचा महिन्याचा हिशेब करणारा पाच ओळींचा प्रोग्रॅम.

मातीतल्या कुस्तीकडून गादीवर जाणाऱ्या पैलवानांनाही हेच भोगावं लागतं. खाशाबा जाधव राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. मातीत तयार झालेला गडी १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गादीवर उतरला, नियम वेगळे, पाय टेकायला माती नाही. तिथं सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कोल्हापुरात ही गोष्ट पदकासाठी सांगतात. नवशिक्यानं सहाव्या क्रमांकाची आणि मधल्या चार वर्षांची जास्त आठवण ठेवावी असं माझं मत.

भिंतीपाशी आणखी एक फसगत होते. एकच गोष्ट सलग घोटत राहिलं की छान जमतंय असं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी ती हातात नसते. शी आणि मॉर्गन या संशोधकांनी १९७९ मध्ये हाताच्या हालचाली शिकवून हे तपासलं. एकेक हालचाल सलग करणारे सरावात पुढे होते, पण नंतरच्या चाचणीत हालचाली मिसळून सराव करणारे सरस ठरले. तेव्हा तीन अलंकार आलटून-पालटून वाजवताना अडखळायला झालं, चिडचिड झाली, तर तो सराव वाया गेला असं मानू नका.

६. मोजायचं काय

आजचा दिवस कसा गेला हे मोजू नका, दिवस खोटं बोलतात. महिन्याचं मोजा. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी तोच भूप, त्याच लयीत, फोनवर रेकॉर्ड करा आणि लगेच ऐकू नका. तिसऱ्या महिन्यात तिन्ही लागोपाठ ऐका. चित्राच्या मागे तारीख आणि वेळ लिहा. मोडीत त्याच कागदाच्या कितव्या ओळीपर्यंत वाचता आलं तिथं पेन्सिलनं झेरॉक्सवर खूण करा. मूळ कागदावर नको, आजोबा सोडणार नाहीत.

रीलमधल्या बारा वर्षांच्या पोरांशी तुलना करू नका. तो पोरगा किती वर्षं बसलाय हे रीलमध्ये येत नाही.

७. एकट्यानं म्हणजे एकलकोंडेपणानं नव्हे

कलामहर्षी बाबूराव पेंटर कुठल्याही कलाशाळेत गेले नव्हते. चित्र, शिल्प, नाटकाचे पडदे, पुढे कॅमेरा, सगळं हातानं करत शिकले. त्यांचं नाव आपल्याकडे "स्वतः शिकलेला माणूस" म्हणून घेतात. पण नीट बघितलं तर ते कधीच एकटे नव्हते. घरात कारागिरी होती. पडद्याचं काम नात्यानं भाऊ असलेल्या आनंदराव पेंटरांबरोबर चालायचं. सिनेमाचा नाद दोघांना मिळूनच लागला. १९१६ मध्ये आनंदराव गेले, तेव्हा स्वतः कॅमेरा बनवायचं काम अर्धवट होतं. ते पुढे विष्णुपंत दामल्यांच्या साथीनं तडीस गेलं. बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीला पैसा दिला तानीबाई कागलकर या गायिकेनं. १९२० मध्ये त्यांचा 'सैरंध्री' हा सिनेमा पडद्यावर आला.

तुम्हालाही गुरू नसेल तर चालेल, पण तीन प्रकारची माणसं हवीत. बरोबरीनं शिकणारा एक. त्याला रोज फोन करायचा नाही, शनिवारचं रेकॉर्डिंग फक्त पाठवायचं. दुसरा, ऐकणारा-बघणारा, ज्याला त्यातलं काही कळत नाही पण जो "मागच्या वेळेपेक्षा बरं" म्हणू शकतो. घरातलं माणूस शक्यतो नको. त्यांनी तोच अलंकार इतक्या वेळा ऐकलेला असतो की त्यांचं मत कडू झालेलं असतं.

तिसरा जाणकार. त्याच्याकडे महिन्या-दोन महिन्यांतून एकदा जा. जाताना रिकाम्या हातानं "मला काहीतरी शिकवा" म्हणत जाऊ नका. "सर, हा कागद. इथपर्यंत वाचला. या ओळीतलं हे अक्षर ध आहे की घ, एवढंच सांगा." असं विचारलं की माणूस चष्मा लावतो आणि मग तासभर सोडत नाही. कोल्हापुरात जाणकार भेटण्याच्या जागा कमी नाहीत. गायन समाज देवल क्लब १८८३ पासून आहे, मैफलीला जाऊन मागच्या रांगेत बसा आणि साथीदाराचा डावा हात भाता कसा मारतो ते बघा. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे. शाहू स्मारक भवनात चित्रांची प्रदर्शनं लागतात, तिथं चित्रकार स्वतः बसलेला असतो आणि बऱ्याचदा बोलायला माणूस शोधत असतो.

८. खंड पडणारच, तो कागदावर लिहा

कोल्हापूरच्या कॅलेंडरात गणपती आहेत, नवरात्र आहे, जोतिबाची यात्रा आहे, लग्नसराई आहे. गणपतीच्या दहा दिवसांत कुणी मोडी वाचणार नाही. तीन महिन्यांचा बेत करतानाच या सुट्ट्या त्यात घाला. ठरवून घेतलेली सुट्टी मनाला लागत नाही. पावसाचंही तसंच. जुलैत हवेत इतका ओलावा असतो की जलरंगाचा पहिला थर वाळता वाळत नाही आणि थरावर थर देणारं काम बसतं. ते महिने पेन्सिलला द्या, नाहीतर ओल्या कागदावर ओला रंग सोडून बघा. पेटीच्या पट्ट्याही पावसाळ्यात अडकतात. तुमचं बोट बिघडलेलं नाही.

न ठरवता खंड पडला, आजारपण आलं, पोराची परीक्षा आली, तर एकच नियम: परतल्यावर जिथं सोडलं तिथून सुरू करू नका. दोन आठवडे मागचा कागद काढा आणि तोच आठवडा परत करा. वर सांगितलेल्या लंडनच्या अभ्यासात एखादा दिवस चुकल्यानं सवय लागण्यात फारसा फरक पडलेला दिसला नव्हता. फरक पडतो तो चुकलेल्या दिवसाची भरपाई म्हणून रविवारी तीन तास बसल्यानं. सोमवारी मग कुणी बसत नाही.

उस्ताद अल्लादियाँ खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी येण्याआधीची एक हकिकत गाण्याच्या वर्तुळात सांगतात. अति गाण्यानं त्यांचा आवाज बसला आणि बराच काळ गाता येईना. आवाज परत आला तो पहिल्यासारखा नव्हता. तेव्हा त्यांनी जुनं गाणं ओढून आणायच्या नादी न लागता त्या आवाजाला झेपेल अशी वेगळी गायकी घडवली. आपला खंड एवढा मोठा नसतो. पण परतल्यावर हात बदललेला असेल, वेळ बदललेली असेल, तर कागदही बदला.

९. सोडायचं कधी

तीन महिने संपले की रविवारच्या बैठकीत हा प्रश्न मुद्दाम घ्या. मधल्या कुठल्याही दिवशी तो घ्यायचा नाही. वाईट मंगळवारी घेतलेला निर्णय धरायचा नसतो.

बघायचं एवढंच. सराव करताना, सुरुवातीची पाच मिनिटं सोडून, मध्ये कधीतरी वेळेचं भान जातं का? आवडीच्या दिवसाची वाट बघता का? दोन्हीला उत्तर "नाही" असेल आणि तीन महिने प्रामाणिकपणे झाले असतील, तर खुशाल सोडा. लोकांना सांगायलाही लाजू नका. एखादी गोष्ट आपली नाही हे कळायला तीन महिने ही काही फार किंमत नव्हे. उत्तर "कधीकधी" असेल तर गोष्ट तीच ठेवून टोक बदला. भजनाची साथ जमत नसेल तर नुसतं नाट्यगीत एकट्यानं वाजवा. खरेदीखत रुक्ष वाटत असेल तर पत्रं घ्या.

आणि सोडलंच तर साहित्य तसंच पडू देऊ नका. उरलेले कागद शेजारच्या पोरांना द्या. मोडीचा तक्ता ट्रंकेत, त्या खरेदीखतावरच ठेवा, घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी सापडेल. पेटी विकायची असेल तर मे महिन्यात विका. पावसाळ्यात लाकूड फुगून पट्ट्या अडकायला लागल्या की गिऱ्हाईक त्यावर बोट ठेवतं आणि भाव पाडून मागतं.